एका अॅटर्नी जनरलची वाटचाल



अमेरिकेच्या राजकारणात एक जुना विनोद आहे. तेथे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याला अॅटर्नी जनरल म्हणतात आणि या पदाची इंग्रजी आद्याक्षरे ए. जी. अशी होतात. विनोद असा की, ए. जी. म्हणजे ‘अस्पायरिंग गव्हर्नर’, गव्हर्नर होण्यासाठी गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला माणूस! आपल्याला हा विनोद चटकन उमजत नाही, कारण आपली पद्धत निराळी आहे. भारतीय घटनेच्या १६५ व्या कलमान्वये राज्याच्या महाधिवक्त्याची नेमणूक राज्यपाल करतात. त्यांना दारोदार मते मागत हिंडावे लागत नाही. अमेरिकेत मात्र ५० पैकी ४३ राज्यांत हा अधिकारी जनता थेट निवडून देते. शिवाय तेथील गव्हर्नर म्हणजे आपले राज्यपाल नव्हेत. तोही निवडून आलेला असतो व अधिकाराने आपल्या मुख्यमंत्र्यांसारखा असतो.

त्यामुळे अॅटर्नी जनरलची खुर्ची ही तेथे राजकीय शिडीची एक भक्कम पायरी मानली जाते. बिल क्लिंटन १९७७ ते १९७९ या काळात आर्कान्सा राज्याचे अॅटर्नी जनरल होते, पुढे गव्हर्नर व राष्ट्राध्यक्ष झाले. कॅलिफोर्नियात पॅट ब्राऊन आणि जॉर्ज डुकमेजियन याच खुर्चीवरून गव्हर्नर झाले. कमला हॅरिस याच पदावरून २०१७ मध्ये सिनेटमध्ये गेल्या व २०२१ ते २०२५ या काळात उपराष्ट्राध्यक्ष होत्या. परंतु आज मला सांगायचे आहे ते त्याच कॅलिफोर्नियाच्या त्याहून जुन्या एका अॅटर्नी जनरलविषयी. कायद्याची राखण करणाऱ्यालाच जेव्हा पुढच्या निवडणुकीची काळजी असते, तेव्हा त्या राखणीचे काय होते, हे त्यांच्या चरित्रात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

त्यांचे नाव अर्ल वॉरन. जन्म १८९१ चा, लॉस एंजेलिसचा. वडील नॉर्वेहून आलेले, रेल्वेतील कामगार. १८९४ च्या मोठ्या रेल्वे संपात भाग घेतल्यामुळे वडिलांची नोकरी गेली होती. मुलगा मात्र बर्कली येथे कायदा शिकला आणि १९२५ मध्ये अलामेडा जिल्ह्याचा सरकारी वकील झाला. लाच खाणारे अधिकारी, अवैध दारू, जुगार यांच्यामागे ते हात धुऊन लागले. १९३४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या घटनेत दुरुस्ती होऊन अॅटर्नी जनरलला राज्यातील शेरीफ व जिल्हा वकिलांवर देखरेख करण्याचा अधिकार मिळाला. या दुरुस्तीचा प्रचार वॉरन यांनी स्वतः केला होता! जी खुर्ची आपल्याला हवी ती आधी मजबूत करून घेणे, यातच त्यांची दूरदृष्टी दिसते. १९३८ च्या निवडणुकीत तर त्यांनी रिपब्लिकन असूनही डेमोक्रॅटिक पक्षाचीही उमेदवारी मिळवली. तेव्हाच्या कॅलिफोर्नियात एकाच माणसाला एकाहून अधिक पक्षांच्या प्राथमिक निवडणुका लढवता येत असत. त्याच वर्षी त्यांच्या वडिलांचा राहत्या घरी खून झाला. खुनी कधीच सापडला नाही.

१९३९ मध्ये पदावर येताच त्यांनी किनाऱ्यापासून तीन मैलांपलीकडे नांगरलेल्या जुगाराच्या बोटींना वेढा घातला. बोटीवाल्यांनी पाण्याचे फवारे मारून पोलिसांना अडवले, पण अखेर त्या बोटी बंद झाल्या. वर्तमानपत्रांनी हे खूप रंगवून छापले. गव्हर्नर कल्बर्ट ओल्सन हे डेमोक्रॅट होते आणि दोघांचे मुळीच पटत नव्हते. पुढचा गव्हर्नर कोण, हे लोकांना दिसू लागले होते.

अशा वेळी ता. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला.

पश्चिम किनाऱ्यावर जपानी वंशाचे एक लाखाहून अधिक लोक राहत होते. त्यांतील सुमारे दोनतृतीयांश अमेरिकेतच जन्मलेले, म्हणजे जन्माने नागरिक होते. त्यांच्या आईबापांना मात्र कायद्याने नागरिकत्व मिळत नव्हते, आणि कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्यामुळे त्यांना स्वतःच्या नावावर शेतजमीनही घेता येत नव्हती. पुष्कळांनी ती खंडाने केली होती किंवा येथे जन्मलेल्या मुलांच्या नावावर घेतली होती. ता. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ काढला व लष्कराला वाटेल त्या प्रदेशातून वाटेल त्याला हलवण्याचा अधिकार दिला. दोनच दिवसांनी सॅन फ्रान्सिस्को येथे काँग्रेसच्या एका समितीपुढे अॅटर्नी जनरल वॉरन साक्षीला उभे राहिले.

त्यांनी बरोबर नकाशे आणले होते. विमानतळ, कारखाने, विजेच्या तारा यांच्या आसपास जपानी लोकांच्या जमिनी कशा आहेत, हे त्यावर दाखवले होते. समितीपुढे अर्थातच प्रश्न होता, की आजवर घातपात कुठे झाला आहे? वॉरन यांचे उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे. अद्याप काहीच झालेले नाही, हीच सर्वांत चिंतेची गोष्ट, असे त्यांनी मांडले. म्हणजे सारे मिळून एखाद्या ठरलेल्या घडीची वाट पाहत आहेत!

वाचकहो, या युक्तिवादापुढे कोणता माणूस निर्दोष ठरेल? गुन्हा केला तर गुन्हेगार, आणि केला नाही तर कटातला. फौजदारी खटले चालवण्यात आयुष्य गेलेल्या वकिलाला या तर्कातले व्यंग दिसले नसेल, असे मला वाटत नाही. परंतु नोव्हेंबरमध्ये निवडणूक होती, आणि जपानी लोकांविरुद्ध राज्यभर ओरड चालू होती. न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे की, हलवण्याचा हुकूम वॉरन यांचा नव्हता. तो वॉशिंग्टनचा व लष्कराचा होता. राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याने मात्र त्याला आपल्या शब्दाचे वजन दिले.

लोकांना थोड्या दिवसांची मुदत मिळाली. हाती नेता येईल तेवढेच सामान न्यावयाचे होते. दुकाने, शेते, गाड्या मिळेल त्या किमतीला फुंकाव्या लागल्या. सांता अनिता आणि टॅनफोरन येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानांवर कित्येक कुटुंबांना घोड्यांच्या तबेल्यांतच ठेवले गेले, आणि नंतर काटेरी तारांच्या १० छावण्यांत. शाळकरी मुले वर्गातून उठून तिकडे गेली व छावणीतल्या शाळेत त्याच अमेरिकन झेंड्याला सलाम करू लागली. गंमत पाहा, खुद्द हवाई बेटांवर, जेथे हल्ला झाला व जेथे लोकसंख्येचा तिसरा हिस्सा जपानी वंशाचा होता, तेथे अशी सरसकट हकालपट्टी झाली नाही.

सर्वांचेच मत वॉरन यांच्यासारखे होते असे समजू नका. केंद्र सरकारचे अॅटर्नी जनरल फ्रान्सिस बिडल यांनी सरसकट हलवण्यास विरोध केला होता, जरी शेवटी त्यांनी माघार घेतली. बिडल हे नेमलेले अधिकारी होते. त्यांना मते मागायची नव्हती. दुसरे कोलोरॅडोचे गव्हर्नर राल्फ कार. या नागरिकांनाही घटनेचे पूर्ण संरक्षण आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले व त्यांना आपल्या राज्यात येऊ दिले. नोव्हेंबर १९४२ मध्ये कार सिनेटची निवडणूक थोडक्यात हरले. त्याच महिन्यात वॉरन ओल्सनना हरवून गव्हर्नर झाले.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९४६ आणि १९५० मध्ये ते पुन्हा निवडून आले. १९४८ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले व हरले. १९५२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी हुकली. ती आयझेनहॉवर यांना मिळाली. त्याच आयझेनहॉवर यांनी १९५३ मध्ये त्यांना सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश नेमले. हे पद तहहयात असते. आता कोणापुढे हात जोडायचे नव्हते. ता. १७ मे १९५४ रोजी नऊही न्यायाधीशांच्या एकमताने वॉरन यांनी निकाल दिला, की गोऱ्या व काळ्या मुलांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य आहे. मुलांना केवळ वर्णावरून वेगळे काढले तर त्यांच्या मनावर जे घाव होतात ते बुजणे कठीण, असा त्याचा आशय होता. १९४२ मध्ये नकाशे घेऊन उभे राहिलेले आणि १९५४ चा निकाल वाचणारे गृहस्थ एकच, हे लक्षात घेतले म्हणजे मन थक्क होते. माणूस बदलला की फक्त त्याची खुर्ची बदलली? माझ्या मते दोन्ही, पण खुर्चीचा वाटा थोडा अधिक असावा.

जपानी कुटुंबांची जाहीर माफी त्यांनी हयातीत मागितली नाही. अखेरच्या वर्षांत एका मुलाखतीत त्या मुलांची आठवण निघाली तेव्हा त्यांना रडू आवरेना. ता. ९ जुलै १९७४ रोजी ते वारले, आणि १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आपल्या त्या साक्षीचा त्यांनी मनापासून पश्चात्ताप व्यक्त केल्याचे लोकांनी वाचले. अमेरिकन काँग्रेसने १९८० मध्ये नेमलेल्या आयोगाला घातपाताचा एकही पुरावा आढळला नाही. वंशद्वेष, युद्धज्वर आणि पुढाऱ्यांचे अपयश हीच कारणे त्याने नमूद केली. १९८८ च्या कायद्याने सरकारने माफी मागून प्रत्येकी २० हजार डॉलर देऊ केले. ही रक्कम तेव्हा हयात असलेल्यांसाठीच होती, आणि तबेल्यात राहिलेल्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळजण तोवर मातीआड झाले होते.