सोलापूरचे चार हुतात्मे

भगतसिंग, राजगुरू व सुखदेव यांच्या फाशीचा दिवस, २३ मार्च १९३१, शाळकरी मुलांसही मुखोद्गत असतो. त्याच वर्षी १२ जानेवारीस येरवड्याच्या कारागृहात सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे हसतमुखाने फासावर चढले. त्यांची नावे मात्र जिल्ह्याबाहेर क्वचितच उच्चारली जातात.

गांधीजींच्या अटकेचे वृत्त येताच मे १९३० मध्ये हे गिरण्यांचे शहर पेटून उठले. ८ मे रोजी गोळीबार झाला, पोलीस चौकी व न्यायालय जळाले. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. तिरंगा हाती धरणे हाही गुन्हा ठरला. पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून या चौघांना देहदंड देण्यात आला. सारडा व्यापारी, तर कुर्बान हुसेन ‘गझनफर’ पत्राचे संपादक. जात, धर्म, व्यवसाय सारेच भिन्न.

राष्ट्रीय इतिहासग्रंथांत दांडीला प्रकरण लाभते, सोलापूरला एखादे वाक्य, तेही लष्करी कायद्यापुरते. नेत्यांची पत्रे, ठराव व वाटाघाटी यांवरूनच इतिहास रचला की असे घडावयाचेच. (सोलापुरी चादर मात्र देशभर घरोघरी पोहोचली!) सोलापुरात या चौघांचे पुतळे भर चौकात उभे असून दरवर्षी १२ जानेवारीस तेथे पुष्पहार अर्पण केले जातात.