बडा सिमल्याची टेकडी आणि चंद्रलोकाची सफर

परप्रांती बदली होऊन आलेल्या मराठी गृहस्थाला नव्या गावाची ओळख बहुधा तीन ठिकाणी होते : कचेरीत, बाजारात आणि चित्रपटगृहात. जबलपूरही या नियमाला अपवाद नाही. येथे आलेला माणूस पहिल्या महिन्यात भेडाघाटचे संगमरवरी खडक पाहतो, धुवांधारचे तुषार अंगावर घेतो, मदनमहालाच्या पायऱ्या चढून राणी दुर्गावतीचे स्मरण करतो आणि 'जिस देश में गंगा बहती है' या १९६० च्या चित्रपटातील कोणते प्रसंग नर्मदेच्या कोणत्या कड्यावर चित्रित झाले, हे पाहुण्यांस सांगू लागतो. एवढे झाले की गाव आपल्याला कळले असे त्यास वाटते. आम्हांसही तसेच वाटले होते. पण ज्या टेकडीवरून या गावाचे नाव जगभरच्या शास्त्रग्रंथांत गेले, ती टेकडी आम्ही कित्येक महिने रोज दुरून पाहत होतो आणि तिचे नावही आम्हांस ठाऊक नव्हते.

या टेकडीकडे वळण्यापूर्वी एक लहानसा वाद सांगितला पाहिजे. परप्रांतातील मराठी मंडळांतून वार्षिक कार्यक्रम ठरविताना नाटक, गायन आणि हळदीकुंकू यांवर सहसा मतभेद होत नाहीत. परंतु कोणी 'एखादा विज्ञानपट दाखवू आणि त्यावर तासभर चर्चा ठेवू' अशी सूचना केली, की दोन आक्षेप हटकून निघतात. पहिला असा, की विज्ञानपट हा पोरखेळ होय. दुसरा असा, की ही पाश्चात्त्यांची उसनी हौस असून मराठी मंडळाशी तिचा काही संबंध नाही. मंडळींची मुले मात्र तेवढ्यात मागच्या बाकांवरून उठून जातात. त्यांस नाटकातील मराठी कळेनासे झालेले असते आणि त्यांच्या डोक्यात जे प्रश्न असतात ते मंडळात कोणी मराठीत विचारीत नाही. म्हणून या दोन आक्षेपांची इतिहासाच्या आधारे तपासणी करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दुसरा आक्षेप आधी घेऊ. विज्ञानकथा मराठीत आली ती पुण्यामुंबईच्या मार्गाने नव्हे. १८८६ साली दूर कोचीन येथे कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी 'केरळकोकिळ' हे मासिक सुरू केले. परभाषी मुलखात मराठी अक्षर जिवंत ठेवणारे हे मासिक पुढे सर्व महाराष्ट्रात वाचले गेले. याच मासिकातून १९०० च्या सुमारास जूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीवरून रचलेली 'चंद्रलोकची सफर' मराठी वाचकांस मिळाली. दोनच वर्षांनी, १९०२ मध्ये, जॉर्ज मेलिये याने पॅरिसमध्ये चंद्रप्रवासाचा आपला प्रसिद्ध मूकपट काढला. म्हणजे चंद्राच्या डोळ्यात तोफगोळा रुतलेला युरोपने पडद्यावर पाहिला, त्याच्या आधीच मराठी वाचक कागदावर चंद्राकडे निघाला होता, आणि त्याला निरोप देणारे मासिक परप्रांतात जन्मलेले होते. ही हौस उसनी असेल, तर ती आपल्यासारख्याच बदलीच्या आणि परगावच्या माणसांनी उसनी आणली, एवढेच म्हणता येईल.

आता चित्रपट दाखवून त्यावर चर्चा करण्याची प्रथा पाहू. १९३९ हे वर्ष जबलपूरकरांस त्रिपुरी काँग्रेसमुळे परिचित आहे. त्या मार्चमध्ये कलचुरींच्या प्राचीन राजधानीजवळ काँग्रेसचे बावन्नावे अधिवेशन भरले. बावन्न हत्तींच्या मिरवणुकीत अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या जागी त्यांची तसबीर होती, कारण ते स्वतः ज्वराने अंथरुणाला खिळले होते. त्याच वर्षी जुलैच्या २ ते ४ तारखांस न्यूयॉर्क येथे विज्ञानकथेच्या वाचकांचे पहिले जागतिक संमेलन भरले. जमलेली मंडळी सुमारे दोनशे, बहुतेक विशीतील तरुण. त्यांनी भाषणे केली, वादही घातले आणि फ्रिट्झ लांग यांचा 'मेट्रोपोलिस' हा १९२७ चा मूकपट एकत्र बसून पाहिला. भुयारात राबणारे कामगार आणि उंच मनोऱ्यांत राहणारे धनी यांचे ते चित्र युद्ध तोंडावर आलेले असताना पाहणाऱ्यांस केवळ करमणूक वाटले असेल, असे आम्हांस वाटत नाही. पुढे १९६३ साली इटलीतील त्रिएस्त शहरी केवळ विज्ञानपटांचा महोत्सव भरू लागला. संमेलनात पडदा आणि व्यासपीठ ही दोन्ही असावीत, हा संकेत अशा रीतीने रूढ झाला.

आपल्या देशात याचे पहिले ठळक उदाहरण कलकत्त्याचे. तेथे १९६३ मध्ये 'आश्चर्य' हे विज्ञानकथेचे बंगाली मासिक निघाले आणि १९६६ साली त्याच मंडळींनी विज्ञानपट पाहणाऱ्यांची एक संस्था काढली. अध्यक्ष सत्यजित राय, उपाध्यक्ष प्रेमेंद्र मित्र, कार्यवाह अद्रीश वर्धन. साहित्यातील आणि चित्रपटातील थोर माणसांनी ज्या गोष्टीला अध्यक्षपद दिले, तिला पोरखेळ म्हणण्याचे धाडस तेथे कोणी केले नसावे.

त्याच १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. तिने पडद्यापेक्षा लेखणीवर भर दिला आणि विज्ञानकथांच्या स्पर्धा घेतल्या. १९७४ च्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने आलेल्या 'कृष्णविवर' या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर! आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलट क्रमाने लावली होती आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली होती. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी या नव्या प्रवाहाची दखल घेतली. पुढे त्यांच्या 'धूमकेतू' या कथेवर बालचित्र समितीने चित्रपट काढला, आणि २०२१ साली नाशिकच्या चौऱ्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद याच विज्ञानकथालेखकाकडे आले. २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले. एक शास्त्रज्ञ नाव बदलून कथा पाठवितो येथपासून तोच संमेलनाध्यक्ष होतो येथपर्यंतचे हे सत्तेचाळीस वर्षांचे अंतर लक्षात घेतले, म्हणजे मराठीशी विज्ञानकथेचा संबंध काय, हा प्रश्न उरत नाही.

राहिला पहिला आक्षेप, पोरखेळाचा. त्याचे उत्तर देण्यास आम्हांस जबलपूरबाहेर जाण्याचे कारण नाही.

१८२८ साली कॅप्टन स्लीमन नावाचा इंग्रज अधिकारी जबलपुरी होता. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून त्याची कीर्ती आहे. पण त्याच वर्षी बडा सिमला नावाच्या टेकडीवर त्यास काही दगड झालेली हाडे मिळाली. ती येथील सर्जन स्पिल्सबरी यांच्यामार्फत कलकत्त्यास गेली. 'डायनोसॉर' हा शब्द रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये घडविला. म्हणजे जबलपूरचे हाड शब्दाच्या चौदा वर्षे आधी सापडले होते! १८७७ मध्ये लायडेकर यांनी त्या प्राण्यास 'टायटॅनोसॉरस इंडिकस' असे नाव दिले. पुढे ती हाडे संग्रहात कोठेतरी दृष्टीआड झाली आणि २०१२ साली कलकत्त्यातच पुन्हा सापडली. दुसरा मानकरी चार्ल्स मॅटली, हिशेबखात्यातील अधिकारी आणि हौशी भूशास्त्रज्ञ. १९१७ ते १९१९ या काळात गन कॅरेज कारखान्याच्या परिसरातील याच टेकडीवर त्याने उत्खनन केले, आणि १९३३ मध्ये जर्मन पंडित फॉन ह्यूने याच्यासह जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात एका लहानग्या प्राण्यास 'जबलपूरिया' हे नाव देऊन या गावास अमर केले. ज्या खडकांत ही हाडे मिळतात त्या थरास नर्मदेवरील लम्हेटाघाटाचे नाव आहे.

हे सर्व आम्ही येथे का सांगतो? स्लीमन लष्करी, स्पिल्सबरी वैद्य, मॅटली हिशेबनीस. तिघेही बदलीवर आलेले सरकारी नोकर. बदलीचे गाव म्हणजे मुदत संपेपर्यंत काढायची धर्मशाळा, असे त्यांनी मानले असते तर ही टेकडी आजही केवळ टेकडीच राहिली असती. राज्यकर्त्यांच्या दोषांवर पांघरूण घालण्याचा आमचा हेतू नाही. परंतु पायाखालच्या मातीविषयीचे हे कुतूहल घेण्याजोगे होते, आणि ते आपण घेतले नाही, हे कबूल करणे भाग आहे.

आता समजा, मंडळाच्या सभागृहात १९९३ चा 'जुरासिक पार्क' दाखविला. हा चित्रपट १९९४ मध्ये हिंदीत रूपांतरित होऊन गावोगाव गेला होता आणि मुलांस तो पाठ असतो. खेळ संपल्यावर दिवे लावून चर्चा सुरू केली, तर पहिला प्रश्न नावाचाच निघतो : चित्रपटातील सर्वांत भयंकर प्राणी, टायरॅनोसॉरस, हा जुरासिक युगातील नव्हे, त्यानंतरच्या क्रिटेशस युगातील आहे. आपल्या लम्हेटा थरातील प्राणीही त्या युगाच्या अखेरचेच. मग नाव चुकले काय? मुलांस चूक पकडण्याचा आनंद होतो, आणि तो त्यांस मिळू द्यावा.

पण चर्चा येथेच थांबली तर ती शाळामास्तराची तांबडी शाई ठरेल. डायनोसॉरच्या युगातील चित्रांत पायांखाली गवत रंगविणे ही ढोबळ चूक होय, असे पंडित दीर्घकाळ सांगत असत. गवत त्या प्राण्यांच्या नाशानंतर आले असा समज होता. २००५ साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद व त्यांचे सहकारी यांनी डायनोसॉर युगातील अश्मीभूत विष्ठा तपासली आणि तीत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण त्यांस आढळले. गवत होते आणि ते खाल्लेही जात होते. चूक काढणाऱ्यांचीच चूक निघाली. ही विष्ठा आली कोठून? चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याहून. विदर्भातील एका खेड्याने जगाच्या पाठ्यपुस्तकांत दुरुस्ती केली, आणि तेथील थर व जबलपूरचा थर एकच आहे. नर्मदाकाठी बदलीवर आलेल्या मराठी मुलास आपले गाव आणि हे गाव यांचे नाते सांगण्यास याहून चांगला पुरावा कोणता हवा?

विज्ञानपटाचे आणि त्यावरील चर्चेचे खरे काम आमच्या मते हेच होय. पडदा कल्पना करण्याचे धैर्य देतो. चर्चा ती कल्पना पुराव्याच्या दगडावर घासून पाहते. आणि पुरावाही उद्या बदलू शकतो, ही नम्रता दोघांकडून मिळते. हे शिक्षण मातृभाषेत मिळाले तर मुलास ती भाषा केवळ आजीच्या पत्राची न राहता विचाराचीही वाटू लागते. नाटक आणि गायन अवश्य असावे. पण वर्षातून एक सायंकाळ पडद्यासाठी आणि एक सकाळ बडा सिमल्यासाठी ठेवण्यास मंडळाची तिजोरी रिकामी होणार नाही.

बदलीचा हुकूम आज ना उद्या प्रत्येकास येतो. सामान बांधताना भेडाघाटचे संगमरवरी गणपती आणि शंकराच्या पिंडी आपण पेटीत आठवणीने घालतो. त्यांच्यासोबत या टेकडीची गोष्टही मुलांच्या मनात बांधून द्यावी. तिला वजन नाही, आणि ती वाटेत फुटत नाही.