लेहची धावपट्टी आणि डाकोटाचं इंजिन

लेहला पहिल्यांदा पोस्टिंगवर आलो, तेव्हा बराकीचा जिना चढताना धाप लागली होती. माणसाची ही गत, तर इंजिनाची काय होत असेल?

24 मे 1948 रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी इथे डाकोटा उतरवलं. सोबत जनरल थिमय्या होते. इंजिनियर सोनम नोर्बू यांनी घाईनं तयार केलेली कच्ची धावपट्टी, उंची दहा हजार फुटांच्या वर. विमानात हवेचा दाब राखायची सोय नाही. लेह वाचवायचं तर कुमक वेळेवर पोहोचायला हवी होती, आणि सगळा भरवसा दोन इंजिनांवर होता.

त्या इंजिनांमागे अनेक वर्षांची खटपट होती. 1909 च्या फ्रेंच 'नोम' इंजिनात थंड राहण्यासाठी सगळे सिलिंडरच पंख्यासोबत गरगर फिरत. पण आकार वाढवला की ती फिरती वस्तू विमानालाच ओढू लागे. 1917 मध्ये अमेरिकेनं 'लिबर्टी' काढलं: बारा सिलिंडर, 27 लिटर, 400 अश्वशक्ती. ते पाण्यानं थंड होई. म्हणजे रेडिएटर आणि नळ्यांचं ओझं आलं, वर गळतीची धास्ती.

मग लोक पुन्हा हवेकडे वळले. सिलिंडर जागेवरच, गोलाकार मांडलेले आणि बुलेटच्या सिलिंडरवर असतात तशा पातळ फिन्स. खरा अडसर एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा होता. तो तापून जळायचा. सॅम हेरॉन यांनी पोकळ व्हॉल्व्हमध्ये सोडियम भरलं. ते 98 अंशांना वितळतं आणि आत हिंदकळत व्हॉल्व्हच्या डोक्याची उष्णता दांड्याकडे नेतं.

1925 च्या अखेरीस प्रॅट अँड व्हिटनीचं नऊ सिलिंडरचं 'वास्प' चाललं. पुढे 'ट्विन वास्प' आलं: सातच्या दोन रांगा, 30 लिटर, सुमारे 1200 अश्वशक्ती. मागचे सिलिंडर पुढच्यांच्या फटीत बसवले आणि पत्रे लावून त्यांच्यापर्यंत वारा वळवला. विरळ हवा दाबून आत भरायला सुपरचार्जर होताच. हेच इंजिन डाकोटाच्या दोन्ही पंखांवर होतं. 27 ऑक्टोबर 1947 ला श्रीनगरला 1 शीखचे जवान उतरले, तेही डाकोटातूनच.

मेहरसिंगांच्या धाडसाला सलाम आहेच. पण लेहच्या धावपट्टीजवळून जाताना मला तो चिमूटभर सोडियमही आठवतो.

जय हिंद.