थडग्यातून रांगत आलेला मुलगा : जपानी भयचित्रकथेची कुळकथा

१.
इ.स. १९६०. तोक्योतील तोगेत्सु शोबो या लहानशा प्रकाशनसंस्थेने भयकथांची एक चित्रमय संग्रहमालिका काढली. तिचे नाव ‘योकिदेन’. तीत ‘भुतांचे कुटुंब’ या अर्थाच्या शीर्षकाची एक कथा होती. मालिका खपली नाही आणि दोन अंकांतच बंद पडली. त्या कथेच्या शेवटी थडग्यातून रांगत बाहेर येणारे मूल मात्र पुढे जपानमधील सर्वांत परिचित चित्रकथा-नायकांपैकी एक ठरले. त्याचे नाव कितारो. त्याची कुळकथा सुमारे साडेतीनशे वर्षे मागे जाते.

२.
एदो काळात (१६०३ ते १८६८) जपानमध्ये ‘ह्याकु मोनोगातारी’, म्हणजे शंभर कथांची बैठक, हा रात्रीचा खेळ लोकप्रिय होता. जमलेल्यांनी आळीपाळीने भुताची गोष्ट सांगायची आणि प्रत्येक गोष्टीनंतर एक वात विझवायची. शंभरावी वात विझली की खरोखरच काहीतरी प्रकट होते, अशी समजूत होती. त्यामुळे नव्याण्णवाव्या गोष्टीवरच थांबण्याची रीत पडली. याच काळात अशा गोष्टींचे छापील संग्रहही निघू लागले. असाइ र्‍योइ याचा ‘ओतोगिबोको’ १६६६ मधला, तर ‘शोकोकु ह्याकु मोनोगातारी’ १६७७ मधला. या संग्रहांना सलग कथानक नसे आणि एक नायकही नसे. गाव वेगळे, माणसे वेगळी, धागा एकच : भय.

३.
लाकडी ठशांवर छापलेली पुस्तके सामान्य माणसाला विकत घेणे परवडत नसे. म्हणून पुस्तकांचे गाठोडे पाठीवर घेऊन दारोदार फिरणारे ‘काशिहोन्या’, म्हणजे भाड्याने पुस्तके देणारे, उदयास आले. १७७६ या एकाच वर्षी दोन महत्त्वाची पुस्तके प्रकाशित झाली. उएदा आकिनारीच्या ‘उगेत्सु मोनोगातारी’त नऊ अद्भुत कथा होत्या. तोरियामा सेकिएन या चित्रकाराच्या ग्रंथाने प्रत्येक ‘योकाई’ला, म्हणजे भूतपिशाच्च वा चमत्कारिक प्राण्याला, स्वतंत्र चित्र आणि नाव दिले. भुतांची जणू सचित्र नोंदवहीच तयार झाली.

४.
१८६८ च्या मेइजी स्थित्यंतरानंतर वारे फिरले. आधुनिक राष्ट्र उभारायचे तर अंधश्रद्धा गेली पाहिजे, असा आग्रह सुरू झाला. तत्त्वज्ञ इनोउए एन्र्‍यो याने ‘योकाईशास्त्र’ मांडले ते भुतांचा उलगडा करून लोकांच्या मनातून त्यांना हद्दपार करण्यासाठी. याच्या उलट, जपानमध्ये स्थायिक झालेल्या लाफ्काडिओ हर्नने १९०४ मध्ये ‘क्वाइदान’ हा भयकथांचा संग्रह इंग्रजीत प्रसिद्ध केला. लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी १९१० मध्ये ‘तोनो मोनोगातारी’ लिहून खेड्यांतील श्रद्धा आणि आठवणी शब्दबद्ध केल्या. शहरातून हाकललेल्या भुतांना पुस्तकांत आसरा मिळाला.

५.
१९३० च्या दशकात ‘कामिशिबाई’, म्हणजे कागदी नाटक, बहरले. सायकलवर लाकडी चौकट बांधून कथेकरी गल्लीत येई, मुलांना गोळ्या विके आणि चित्रांची पाने एकामागून एक सरकवत गोष्ट सांगे. प्रवेशशुल्क नसे. गोळ्यांची विक्री हीच त्याची कमाई. याच काळात इतो मासामी यांनी रचलेली ‘हाकाबा कितारो’, म्हणजे ‘स्मशानातील कितारो’, ही कथा गाजली. तिचे मूळ एका जुन्या लोककथेत आहे. गरोदर स्त्री मरते, पुरली जाते, थडग्यातच मूल जन्मते आणि त्या मुलाला भरवण्यासाठी आईचे भूत रोज रात्री दुकानात येऊन गोडाची कांडी विकत घेते. क्योतोमध्ये या कथेशी नाते सांगणारे गोडाचे दुकान आजही आहे.

६.
ही कथा पुढे ज्याच्या हाती आली, त्या मुरा शिगेरुचा जन्म १९२२ चा. बालपण साकाइमिनातो या समुद्रकाठच्या गावात गेले. तेथे ‘नोन्नोन्बा’ म्हणून ओळखली जाणारी एक वृद्धा या मुलाला योकाईंच्या गोष्टी सांगत असे. छतावरचे डाग कोण पाडते, रात्री पाठीमागे पावलांचा आवाज कोणाचा येतो, याची तिच्याकडे नेमकी उत्तरे होती. लहानपणी त्याला ‘शिगेरु’ हे स्वतःचे नाव नीट उच्चारता येत नसे. तो ‘गेगेरु’ म्हणे. त्यावरून ‘गेगे’ हे टोपणनाव पडले. हे टोपणनाव लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे.

७.
१९४३ मध्ये त्याला सैन्यात भरती करण्यात आले आणि न्यू ब्रिटन बेटावरील राबाउलच्या आघाडीवर धाडण्यात आले. एका पहाटे त्याच्या लहानशा तुकडीवर हल्ला झाला. पहाऱ्यावर असलेला शिगेरु तेवढा वाचला. जंगल आणि समुद्रकिनारा तुडवत तो एकटाच तळावर परतला. जिवंत परतल्याचे कौतुक तर झाले नाहीच, उलट सोबती मेले असता तू पळून का आलास, असा जाब त्याला विचारला गेला. पुढे हिवतापाने आजारी असताना बॉम्बहल्ल्यात तो जखमी झाला आणि डावा हात कापावा लागला. स्थानिक तोलाई लोकांनी त्याला आपलेसे केले. युद्ध संपल्यावर तेथेच राहण्याचा विचारही त्याच्या मनात आला होता. १९४६ मध्ये तो मायदेशी परतला.

८.
एका हाताच्या माणसाला पराभूत देशात काम मिळणे कठीण होते. कोबे शहरात त्याने भाडेकरू ठेवण्यासाठी एक इमारत चालवली. तिच्या ‘मिझुकी-सो’ या नावावरून पुढे त्याने ‘मिझुकी शिगेरु’ हे लेखननाव घेतले. उदरनिर्वाहासाठी तो कामिशिबाईची चित्रे रंगवू लागला. १९५४ मध्ये इतोंच्या संमतीने त्याने कितारोची स्वतःची आवृत्ती केली. परंतु १९५३ मध्येच जपानमध्ये दूरचित्रवाणीचे प्रसारण सुरू झाले होते. सायकलभोवती जमणारी मुले हळूहळू पडद्यासमोर जाऊन बसली आणि कागदी नाटकाचा व्यवसाय मोडला. मिझुकीने तोक्यो गाठले.

९.
तेथे त्याला ‘काशिहोन’चा, म्हणजे भाड्याच्या पुस्तकांचा, आधार मिळाला. एदो काळातील ही प्रथा युद्धोत्तर दारिद्र्यात नव्याने फोफावली होती. काही येन देऊन पुस्तक घरी न्यावे, वाचून परत करावे. कारखान्यांतील तरुण कामगार हा या दुकानांचा मोठा वाचकवर्ग. १९५६ मध्ये ओसाकाहून ‘कागे’ (सावली) हा लघुचित्रकथांचा संग्रह निघू लागला आणि अशा संग्रहमालिकांची लाट आली. १९५७ मध्ये तात्सुमी योशिहिरोने आपल्या गंभीर, प्रौढांसाठीच्या कथांना ‘गेकिगा’ हे नाव दिले. शंभर कथांच्या बैठकीचा जुना घाट आता रहस्य, गुन्हेगारी आणि भय यांच्या चित्रकथांना लाभला. ‘योकिदेन’ याच लाटेतील.

१०.
‘भुतांचे कुटुंब’ची सुरुवात थडग्यापासून होत नाही. ती होते रक्तपेढीपासून. पेढीच्या रक्ताने एक रुग्ण जिवंत भूत बनतो. हे रक्त कोणी विकले, याचा शोध घेत पेढीतील कर्मचारी एका मोडक्या मंदिरापर्यंत पोहोचतो. तेथे राहणारे जोडपे भूतवंशातील शेवटचे. पोटासाठी त्यांनी रक्त विकलेले. दोघेही मरतात. नवऱ्याचे शरीर रोगाने विरघळते आणि उरतो फक्त एक जिवंत डोळा, जो पुढे मुलाचा पालक होतो. आईला पुरल्यानंतर थडग्यातून मूल बाहेर येते. घाबरलेला कर्मचारी त्याला झिडकारतो तेव्हा ते थडग्याच्या दगडावर आपटते आणि एक डोळा कायमचा जातो. या कर्मचाऱ्याचे नावही मिझुकीच आहे.

११.
ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. १९५० च्या दशकात जपानमधील रुग्णालयांना लागणारे रक्त मोठ्या प्रमाणावर विकत घेतलेले असे. रोजगार नसलेली माणसे पुन्हा पुन्हा रक्त विकत आणि अशा रक्तातून कावीळ पसरे. मार्च १९६४ मध्ये अमेरिकेचे राजदूत एडविन राइशाउअर यांच्यावर चाकूहल्ला झाला. उपचारांत दिलेल्या रक्तातून त्यांना कावीळ झाली तेव्हा सारा देश हादरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने ऐच्छिक रक्तदानाला चालना देण्याचा निर्णय घेतला. भाड्याच्या एका भयकथेने हा प्रश्न चार वर्षे आधीच चितारला होता.

१२.
मालिका बंद पडल्यावर कितारोची गोष्ट तेथेच संपायची. पण प्रकाशकाकडे वाचकांची पत्रे आली आणि ‘हाकाबा कितारो’ या नावाने ती पुन्हा सुरू झाली. मग मोबदल्यावरून लेखक-प्रकाशकांत बिनसले. मिझुकी बाहेर पडला. प्रकाशकाने ताकेउची कान्को या दुसऱ्या चित्रकाराकडून मालिका चालू ठेवली. मिझुकी आपला कितारो घेऊन नागाई कात्सुइची यांच्या सान्योशा या संस्थेकडे गेला. म्हणजे एकाच वेळी दोन कितारो बाजारात होते. नागाई क्षयाने रुग्णालयात दाखल झाले आणि ती संस्थाही बुडाली.

१३.
नागाई बरे झाले आणि १९६४ मध्ये त्यांनी ‘गारो’ हे मासिक काढले. जपानी चित्रकथेच्या इतिहासात प्रयोगशीलतेसाठी या मासिकाचे नाव घेतले जाते आणि मिझुकी त्याच्या आरंभीच्या प्रमुख चित्रकारांपैकी एक. १९६५ मध्ये ‘तेरेबी-कुन’ या कथेला कोदान्शाचा बालचित्रकथा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मोठ्या खपाच्या ‘शोनेन मॅगझिन’मध्ये कितारो अवतरला. वय ४३. दारिद्र्याची वर्षे संपली.

१४.
आता दूरचित्रवाणीवर मालिका आणायची होती. अडचण नावाची. ‘स्मशान’ हा शब्द प्रायोजकांच्या पचनी पडेना. तेव्हा बालपणीचे टोपणनाव कामी आले. १९६७ मध्ये चित्रकथा ‘गेगेगे नो कितारो’ झाली आणि ३ जानेवारी १९६८ रोजी तिचे सचेतन रूप प्रसारित होऊ लागले. नावाबरोबर स्वभावही पालटला. जुना कितारो अपशकुनी, सिगारेट ओढणारा, माणसांच्या दुर्दशेकडे तटस्थपणे पाहणारा होता. नवा कितारो माणसांच्या मदतीला धावणारा झाला. घाट मात्र तोच राहिला : प्रत्येक भागात नवे गाव, नवा योकाई, नवी कथा.

१५.
या योकाईंपैकी अनेक यानागितांच्या नोंदींतून आले. वाळू फेकणारी म्हातारी, तान्ह्यासारखा रडणारा म्हातारा, उडणारे कापड, वाट अडवणारी अदृश्य भिंत ‘नुरिकाबे’. लोकांच्या बोलण्यात त्यांची नावे आणि करणी होती, ठरलेला चेहरा नव्हता. तो मिझुकीने दिला. आज जपानी मूल नुरिकाबे म्हणून जी डोळे आणि हातपाय असलेली राखाडी भिंत ओळखते, ती या चित्रांतली. दक्षिणेच्या जंगलात पळताना काळोखात असेच काहीतरी आडवे आले आणि पाऊल पुढे पडेना, असे मिझुकी सांगत असे. नोन्नोन्बाची गोष्ट आणि युद्धातली वाट येथे एकत्र येतात.

१६.
भुतांनी आर्थिक स्थैर्य दिल्यावर मिझुकीने खऱ्या मृतांकडे मोर्चा वळवला. १९७३ मध्ये ‘सोइन ग्योकुसाइ सेयो!’ ही युद्धचित्रकथा प्रसिद्ध झाली. ‘ग्योकुसाइ’चा शब्दशः अर्थ रत्नाचा चुरा होणे. युद्धकाळात तुकडीने अखेरच्या माणसापर्यंत मरून जाण्याला हा देखणा शब्द वापरला जाई. कथेत एक तुकडी वीरगतीला गेल्याचे वरिष्ठांना कळवले जाते. काही सैनिक वाचलेले असतात. अहवाल खोटा ठरू नये म्हणून त्यांना पुन्हा मरायला पाठवले जाते. बहुतांश भाग सत्य आहे, असे लेखकाने स्वतः नोंदवले. सोबत्यांमागे जिवंत राहिल्याबद्दल जाब विचारला गेलेल्या माणसाने ती लिहिली होती.

१७.
मानसन्मान उशिरा आले, पण भरपूर आले. १९९३ मध्ये साकाइमिनातोत मिझुकी शिगेरु मार्ग खुला झाला. तेव्हा त्यावर योकाईंचे २३ कांस्यपुतळे होते, २०१८ मध्ये ती संख्या १७७ झाली. २००७ मध्ये फ्रान्समधील आंगुलेम महोत्सवात ‘नोन्नोन्बा’ हे बालपणाचे पुस्तक सर्वोत्कृष्ट ठरले. २०१० मध्ये जवळच्या योनागो विमानतळाला कितारोचे नाव मिळाले. ३० नोव्हेंबर २०१५ रोजी वयाच्या ९३ व्या वर्षी मिझुकीचे निधन झाले.

१८.
२००८ मध्ये ‘हाकाबा कितारो’ हे टाकून दिलेले नाव पुन्हा दूरचित्रवाणीवर आले, रक्तपेढी आणि अपशकुनी मुलासह. नोव्हेंबर २०२३ मध्ये कितारोच्या जन्माची कथा सांगणारा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचा काळ १९५६. नायक तोच रक्तपेढीचा कर्मचारी मिझुकी. त्याला दिलेला भूतकाळ मात्र लेखकाचा आहे : दक्षिणेच्या आघाडीवर मरायला धाडलेला आणि जिवंत परतलेला सैनिक. दोन अंकांत बंद पडलेल्या मालिकेतील एक कथा आणि राबाउलचे युद्ध ६३ वर्षांनी एकाच पडद्यावर आले. मधल्या काळात ही कथा तगली ती मालिका बंद पडू नये म्हणून प्रकाशकाला पत्र लिहिणाऱ्या वाचकांमुळे.