रोशा गवत: वऱ्हाडच्या डोंगरउतारांवरील एका सुगंधाचा इतिहास



वनस्पतींच्या संशोधनाची गोष्ट निघाली, कीं आपल्या डोळ्यांपुढें हिमालयाचीं शिखरें, दार्जिलिंगचे चहाचे मळे किंवा निलगिरीचे थंड उतार उभे राहतात. त्या मालिकेंत आपला यवतमाळ जिल्हा कोणी सहसा बसवीत नाहीं. परंतु जुने लोक वऱ्हाडाचे पायनघाट आणि बालाघाट असे दोन भाग मानीत, आणि आपला बराचसा मुलूख त्यांतील वरच्या, म्हणजे बालाघाटाच्या बाजूचा आहे. खुद्द यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ४४५ मीटर उंचीवर आहे. या उंचवट्याच्या मुरमाड उतारांवर, सागाच्या विरळ सावलींत, पावसाळा सरतांना जें सुगंधी गवत फुलोऱ्यास येतें, त्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे. त्याला कोणी रोशा म्हणतात, कोणी तिखाडी.

हें गवत कसें ओळखावें? आपल्या परसांतील गवती चहा सर्वांच्या परिचयाचा आहे. हिवाळ्याच्या सकाळीं त्याचीं पातीं आल्याबरोबर उकळून घेतलीं, कीं सर्दीपडशाला उतार पडतो, असें आपल्या घरोघरीं मानतात. रोशा हा त्याचाच सख्खा भाऊबंद. शास्त्रज्ञ दोघांनाही सिंबोपोगॉन या एकाच वर्गांत घालतात. भेद आहे तो वासाचा. गवती चहाचें पान चुरगाळलें, तर लिंबाचा वास येतो, कारण त्यांत सिट्रल नांवाचें द्रव्य असतें. रोशाचें पान चुरगाळलें, तर गुलाबाची आठवण होते. तो गुण जिरॅनियॉल या द्रव्याचा.

या गवताला शास्त्रीय नांव मिळालें तें एका फ्रेंच शिपायामुळें. लियों येथें १७३५ सालीं जन्मलेला क्लॉड मार्टिन ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत होता व लखनौस राहत असे. १७९० ते १७९२ या वर्षांतील टिपू सुलतानाबरोबरच्या युद्धांत तो सैन्यासह दक्षिणेंतील बालाघाटांत होता. (हा बालाघाट आपला नव्हे, म्हैसूरकडचा.) तेथें जनावरें एका उग्र वासाच्या गवतावर तुटून पडतात, इतकेंच नव्हे तर त्यांच्या दुधालोण्यासही तो वास लागतो, हें त्याच्या नजरेस आलें. त्यानें बीं जमवून लखनौस नेलें आणि त्यांतील कांहीं कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांजकडे धाडलें. रॉक्सबर्ग यांनीं गवताच्या नांवांत मार्टिनचें नांव गुंफलें, आणि आजही जगभर तें सिंबोपोगॉन मार्टिनी म्हणूनच ओळखलें जातें.

परंतु गवत त्याआधींच ठाऊक होतें. तेल काढण्याची रीत साधी, पण कष्टाची. ओढ्याकांठीं चूल मांडावयाची, तांब्याच्या किंवा लोखंडाच्या मोठ्या भांड्यांत पाणी घालून वर गवताचे भारे दाबावयाचे, झांकण उडदाच्या पिठानें लिंपावयाचें, आणि बांबूच्या नळीनें वाफ वाहत्या पाण्यांत बुडविलेल्या दुसऱ्या भांड्यांत उतरवावयाची. वाफ निवते, पाणी खालीं राहतें, तेल वर तरंगतें. गवताच्या वजनाच्या मानानें शेंकडा अर्धा भाग तेल निघालें, तरी भट्टीवाला समाधान मानी.

हें तेल मुंबईस जाई, तेथून तांबड्या समुद्राच्या बंदरांतून कॉन्स्टँटिनोपलला पोहोंचे. तेथें तें उन्हांत ठेवून फिकें करीत, आणि मग गुलाबाच्या अत्तरांत त्याची भेसळ होई. युरोपांत त्याला तुर्की जिरेनियम तेल म्हणत. तुर्कस्थानचा त्यांत संबंध केवळ वाटेचा! १८७१ सालीं ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनज्ञानें शुद्ध जिरॅनियॉल प्रथम वेगळें केलें, तें हिंदुस्थानांतून आलेल्या अशाच गवताच्या तेलांतून.

आतां या इतिहासांतील सर्वांत बोधप्रद भाग. भट्टीवाले या गवताच्या दोन जाती मानीत: मोतिया आणि सोफिया. मोतियाचें तेल उंची, सोफियाचें हलकें. वाळवून कागदावर चिकटविलेले नमुने पाहणाऱ्या पंडितांना मात्र हे दोन्ही एकच दिसत. विसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्याचे आय. एच. बर्किल यांनीं हा भेद शास्त्रांत नोंदविला. मोतिया मोकळ्या, कोरड्या उतारावर विखुरलेल्या थोंबांनीं वाढतो, आणि त्याचीं पातीं काडीपासून बरींच फांकलेलीं असतात; सोफिया ओलसर, सखल जागीं दाटीनें वाढतो व त्याचीं पातीं काडीला जवळ असतात. पुढें पेशींतील रंगसूत्रे मोजूं लागल्यावर मोतियांत सामान्यतः २०, तर सोफियांत ४० आढळलीं. जें निरक्षर भट्टीवाल्याचें नाक सांगत होतें, तेंच सूक्ष्मदर्शकानें सांगितलें. मात्र नांव राहिलें तें मार्टिनचें. ज्यांनीं दोन जाती वेगळ्या केल्या, त्यांतील एकाचेंही नांव कोठें नोंदलेलें नाहीं.

योगायोग असा, कीं ज्या लखनौस मार्टिननें बीं नेलें, तेथेंच पुढें औषधी व सुगंधी वनस्पतींची केंद्रीय संशोधनसंस्था उभी राहिली. तिनें तृष्णा, तृप्ता यांसारखे मोतियाचे सुधारलेले वाण काढले. त्यामुळें हें गवत रानांतून शेतांत आलें. दुसरीकडे, पूर्वी ज्या टर्पेंटाइनची या तेलांत भेसळ होई, त्या टर्पेंटाइनपासूनच कारखान्यांत जिरॅनियॉल तयार होऊं लागलें, आणि रानांतील भट्ट्यांचा व्यापार क्षीण होत गेला.

मग आपल्या डोंगरांतील रोशा आतां निरुपयोगी झाला काय? तसें म्हणवत नाहीं. शेतांतील वाण रोगानें किंवा अवर्षणानें हरला, तर नवें बीं शोधावयास पुन्हां रानाकडेच जावें लागतें. तें रान आणि त्यांतील गवताची पारख असणारीं कोलाम, गोंड, आंध यांचीं कुटुंबें हीं दोन्हीं टिकलीं, तरच तो शोध सफळ होईल. २००६ च्या वनहक्क कायद्यानें औषधी वनस्पती गोळा करण्याचा हक्क अशा लोकांना दिला आहे. हक्काबरोबर त्यांचें ज्ञानही कागदावर यावें. आपल्या शाळांतील मुलांनीं गांवच्या एखाद्या वृद्धाबरोबर टेकडीवर जाऊन, मोतिया कोणता व सोफिया कोणता हें विचारून, सांगणाराच्या नांवासह वहींत लिहून ठेवलें, तर दोनशें वर्षांची एक उणीव थोडीतरी भरून निघेल.