बाई, तुम्ही बी मोकाट?

एप्रिलअखेर झरी जामणीतील आमच्या बालवाडीत मुलांना सांगितले, "उद्यापासून सुट्टी." तेव्हा एक चिमुरडा गंभीरपणे म्हणाला, "मंग बाई, आता तुम्ही बी मोकाट?" पिके निघाली की गुरे मोकाट सुटतात, त्याच हिशेबात त्याने बाईंनाही बसविले! हसता हसता पुरेवाट झाली.

भगिनींनो, गुरे आणि शाळा यांची ही सांगड पूर्वी एकदा मोठ्या हिकमतीने घातली गेली आहे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीस बालशिक्षणाचे काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढे १९७५ साली सरकारी बालविकास योजनेनेही हेच नाव घेतले. माँटेसोरीची महागडी साधने खेड्यात कोठून आणावी? खडे, पाने, बिया यांवर भागविले. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरांमागे रानात जात, म्हणून बाईही कुरणात गेल्या आणि कुरणशाळा भरू लागली. गुरे पांगली की धडा संपला, असेच तेथे होत असणार!

आमच्याकडे अशी कुरणशाळा नाही. त्या दिवशी एक मुलगी पाटी घरी नेईना. म्हणाली, "माही जागा धरायले राहू द्या, बाई." सारी हसली. तिची थोरली बहीण दोन वर्षांपूर्वी सुट्टीत गुरांमागे गेली, ती शाळेत परतली नाही.

पाटी माझ्या फडताळात ठेवली आहे.