शोधायचे कसे, हे कोण शिकवणार?

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव हे त्यातले दूरचे तालुके. तिथल्या कॉलेजांनी संशोधनाची महागडी नियतकालिके एकेकट्याने विकत घेणे शक्यच नव्हते.

ही अडचण मोठ्या शहरांनाही होती. म्हणून ग्रंथालये एकत्र येऊ लागली. १९८८ मध्ये दिल्लीत 'डेलनेट', १९९२ मध्ये मुंबईत 'बोनेट' सुरू झाले. कोणाकडे काय आहे याची एकत्रित यादी करायची आणि देवघेव करायची, ही त्यामागची कल्पना. विद्यापीठांसाठीचा 'इन्फ्लिबनेट' प्रकल्प १९९१ साली पुण्याच्या 'आयुका'च्या छत्राखाली सुरू झाला आणि १९९६ मध्ये स्वतंत्र केंद्र बनला. पुढे २०१० मध्ये 'एन-लिस्ट' योजना आली. तिच्यामुळे सदस्य कॉलेजांतले विद्यार्थी व शिक्षक आपल्या संगणकावर हजारो नियतकालिके वाचू शकले.

दार तर उघडले. पण आत जाऊन हवे ते शोधायचे कसे?

आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस प्रामुख्याने गोंदिया परिसरातच आहेत. धानाच्या बांध्यांत आणि तलावांकाठी ते घरटी करतात. एखाद्या विद्यार्थिनीला त्यांच्यावरचे संशोधन हवे आहे. नुसते 'सारस' लिहून तिला बातम्या भरपूर मिळतील, शोधनिबंध थोडे. शास्त्रीय नाव वापरावे, तर जुन्या निबंधांत ते 'ग्रस अँटिगोनी' असे आहे. २०१० मध्ये डीएनएच्या अभ्यासातून क्रौंच कुळातली नाती नव्याने कळली. त्यानंतर अनेक पक्षीयाद्यांनी सारसाची प्रजातीच बदलून त्याला 'अँटिगोनी अँटिगोनी' म्हटले. एकच नाव ठाऊक असलेल्या विद्यार्थिनीच्या हातून पुष्कळ काही निसटते, आणि निसटले हे तिला कळतही नाही.

हे जाणण्याच्या कौशल्याला 'माहिती-साक्षरता' म्हणतात. १९७४ मध्ये अमेरिकेत पॉल झुर्कोव्स्की यांनी हा शब्द वापरला. विचार मात्र आपल्याकडे नवा नाही. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी नवागत विद्यार्थ्यांना ग्रंथालय वापरायला शिकवणे हे ग्रंथपालाचे कर्तव्यच मानले होते.

या इतिहासातून एक गोष्ट आमच्या लक्षात येते. ग्रंथालयांनी याद्या जोडल्या, वर्गणी वाटून घेतली. शिकवण्याचे काम मात्र बहुधा ज्याचे त्याच्यावर राहिले. एका ग्रंथपालाने शेकडो विद्यार्थ्यांना शिकवायचे कधी? शेजारच्या दोन-तीन कॉलेजांनी मिळून पाठ तयार केले, तर हा भार हलका होईल. सारसाचा पाठ एकाने करावा, धानावरच्या किडींचा दुसऱ्याने. प्रश्न विज्ञानशिक्षकाने द्यावा, शोधाची वाट ग्रंथपालाने दाखवावी. यासाठी नवी इमारत लागत नाही. वेळापत्रकात एक तास मात्र राखून ठेवावा लागेल.